मला एकदा बंद तर करा!

मी मोडेम बोलतोय. हो, तोच. दिवाणखान्यातल्या कपाटावर, फोनच्या शेजारी धूळ खात बसलेला काळा डबा. इंटरनेट गेलं की तुम्ही ज्याच्याकडे दात-ओठ खाऊन बघता आणि चालू असलं की ज्याच्यावर किल्ल्या ठेवता, तो. आज मला दात-ओठ खायचे आहेत. आजवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, आता ऐकून घ्या.

आपली गोष्ट सांगायची तर जन्मापासून सांगावी म्हणतात, म्हणून थोडक्यात सांगतो. माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. हातमोजे घातलेल्या बायका प्रत्येकाच्या पोटात हिरवी पाटी बसवत होत्या. एकीने माझे स्क्रू आवळले, बोटाने माझे दिवे मोजले आणि पुढे ढकललं. एवढ्या मायेने पुन्हा मला कुणी हात लावला नाही.

माझी एक बाजू केबलची. तिथे जाड काळी केबल पिळून बसते. दुसरी बाजू कॉम्प्युटरच्या वायरीची, आणि तिथे खोबण एकच. एका वेळी एकच कॉम्प्युटर. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कंपनीने माझ्या डोक्यात भरलेल्या नियमाची. कॉम्प्युटर जोडला की तो मला हाक मारतो, ‘मला पत्ता द्या.’ हा पत्ता मिळाल्याशिवाय त्याला इंटरनेटवर काही पाठवता येत नाही आणि त्याच्याकडे काही येतही नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला जन्मखुणेसारखा स्वतःचा एक नंबर असतो. कंपनीने मला बजावलं, चालू झाल्यावर जो पहिला हाक मारेल त्याची जन्मखूण पाठ करायची आणि पत्ता फक्त त्यालाच द्यायचा. दुसरा कुणी आला आणि घसा फोडून ओरडला तरी गप्प बसायचं. का, तर एका वर्गणीत दोघांनी इंटरनेट वापरू नये म्हणून! आणि हे असं किती दिवस? कुणीतरी मला बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत. बंद झालो की मी सगळं विसरतो. मग जो पहिला येईल तो माझा नवा धनी.

एवढंच. एक वायर काढायची आणि परत लावायची. या एवढ्याशा गोष्टीपायी एका बाईचं काय होऊ घातलं होतं, ते आठवलं की अजून माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाहीत, रबराची चार बुटकी बटणं आहेत, पण आग जाते.

मला या घरात आणलं ते कंपनीच्या बसवणाऱ्या माणसाने. खांद्यावर केबलचं भेंडोळं आणि मानेत दाबून धरलेला फोन. तिसऱ्या मजल्यावर चढून येईपर्यंत त्याला धाप लागली होती, तरी फोनवरचं भांडण काही थांबलं नव्हतं. त्याने भिंतीला भोक पाडलं, केबल आत ओढली, मला कपाटावर बसवलं आणि विचारलं, “कॉम्प्युटर कुठाय?”

घरातल्या धाकट्या मुलाने आपला लॅपटॉप पुढे केला. तो पहिला आला, मी त्याची जन्मखूण पाठ केली. पडद्यावर पान उघडलं, सगळे खूश.

जाताना तो माणूस म्हणाला, “काका, एक लक्षात ठेवा. हा कधी बंद करायचा नाही. बंद केला की सिग्नल धरायला वेळ लावतो, लोक घाबरून तक्रार करतात, आणि मग जिने चढायला मी.”

स्वतःचे जिने वाचवायला तो जे बोलला, ते या घरात कायदा होऊन बसलं. कारण ज्यांना त्याने काका म्हटलं, ते घरातले बाबा, म्हणजे आयुष्यभर वीज उपकेंद्रात काढलेला माणूस. उपकेंद्रातली एक रीत त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. लाइनवर माणूस काम करत असला की खालच्या स्विचला लाल पाटी बांधायची, ‘स्विचला हात लावू नये.’ ज्याने पाटी बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याने हात लावला तर वर माणूस मरतो. बाबांनी निवृत्त होताना अशी एक पाटी घरी आणली होती. ती त्यांनी सुतळीने माझ्या स्विचला बांधली. वर मला इन्व्हर्टरवर टाकलं, म्हणजे लाइट गेली तरी मी जागाच. घर अंधारात, पंखा बंद, आणि मी आपला टुकूटुकू बघतोय.

आता घरातली माणसं सांगतो, फार नाहीत. बाबा झाले. त्यांचा थोरला मुलगा औषधांच्या गोदामात नोकरीला. स्वभावाने इतका गरीब की ताटात मीठ नसलं तरी मागायचा नाही. त्याची बायको म्हणजे वहिनी. तिला वहिनी म्हणणारा घरात एकच, तिचा धाकटा दीर, पण त्याचा आवाज एवढा मोठा की माझ्या कानात तेच नाव बसलं. ती दिराला भाऊजी म्हणते, म्हणून तो माझ्यासाठी भाऊजी.

भाऊजी कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कॉम्प्युटर विकायचा. घरच्यांना वाटायचं, बनवतो. त्यांचा हा समज त्याने कधी दुरुस्त केला नाही.

आणि वहिनी? वहिनी लग्नाआधी आणि लग्नानंतरही एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. खोल्या, जिने, गॅलऱ्या, पाण्याच्या टाक्या. तिच्या नकाशावर गवंड्याने कधी शंका काढली नाही म्हणतात. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नोकरी कुणी सोडायची हे घरात कुणाला न विचारता ठरलं, म्हणजे तिलाही न विचारता. सासूबाईंचं सगळं तिने हातांनी केलं. त्या गेल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले. ‘आता तू परत जा’ असं मात्र तिला कुणी म्हणालं नाही. तोवर ऑफिसात तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं होतं.

तिने मग काय केलं? एका दवाखान्यातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मागून आणला, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर धरून. तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की तोवर भात शिजून व्हायचा. तिने तो पूर्ण रिकामा केला आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स, म्हणजे अख्खा कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टिम, घातला. तो फुकट मिळतो, जुन्या यंत्रावर धावतो, आणि त्यात नकाशे काढायचा प्रोग्रॅमही मिळाला. कुणाला काही विचारलं नाही. अडली की मासिक उघडायची, पुन्हा अडली की वाचनालयात जायची. हात मोकळा व्हावा म्हणून तिने पहिला नकाशा याच घराचा काढला. न्हाणीघराचं दार उघडलं की धुण्याच्या मशीनला आपटतं, तेसुद्धा त्यात बरोबर दाखवलं होतं. मी कपाटावरून पाहिलाय तो नकाशा. त्यात कपाट होतं, मी नव्हतो. असो.

भाऊजी त्या कॉम्प्युटरला पेंग्विनचं डबडं म्हणायचा. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून. येता-जाता टपली मारावी तसं एखादं वाक्य टाकायचा, “काय वहिनी, आज अंडं दिलं का तुझ्या पेंग्विनने?” ती हसून सोडून द्यायची. मला नाही हसू यायचं.

एके दिवशी माझ्या शेजारचा फोन वाजला. आर्किटेक्ट मॅडम होत्या. मी अगदी खेटून बसलेला, त्यामुळे पलीकडचंही ऐकू येत होतं.

“घरून काम करशील का? माझ्या ऑफिसातली एक मुलगी परगावी गेली. पण रोज इंटरनेटवरून नकाशे यायला-जायला हवेत. शनिवारी सकाळी एक नकाशा पाठवते, चुका आहेत त्यात. जेवायच्या वेळेच्या आत दुरुस्त करून परत पाठव.”

“सायबर कॅफेत जाऊन पाठवला तर चालेल का हो?”

“नको गं. मला तुझी घरची सोयच बघायची आहे. नाही जमलं तर मोकळेपणाने सांग, दुसरी एक तयार आहे.”

“जमेल,” वहिनी म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनवर हात ठेवून उभी राहिली. तिचा अंगठा माझ्या पाठीला लागला होता.

मग तिने आपला कॉम्प्युटर कपाटाजवळ ओढला. भाऊजी लॅपटॉप घेऊन ऑफिसला गेला होता, माझी खोबण मोकळी होती. तिने वायर लावली. लिनक्सने मला हाक मारली, अगदी सभ्यपणे, ‘पत्ता मिळेल का?’

आणि मी गप्प.

तुम्हाला काय वाटतं, मला आवडलं? तो पुन्हा हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. त्याच्या बोलण्यात तसूभर चूक नव्हती. लिनक्स असो की आणखी कुणी, पत्ता मागायची भाषा सगळ्यांची एकच. मला त्याच्याशी काडीचं वाकडं नव्हतं. पण माझ्या डोक्यात लॅपटॉपची जन्मखूण बसलेली, आणि माझ्या स्विचला लाल पाटी. मी माझा दिवा फडफडवत राहिलो. तिने दिव्याकडे पाहिलं, ‘दिवा तर लागतोय’ असं पुटपुटली, आणि पुन्हा आपल्याच कॉम्प्युटरमध्ये चूक शोधू लागली.

शनिवार येईपर्यंत ती हेच करत होती. वायर बदलली, कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतली वायर जोडायची पट्टी काढून पुसून बसवली. सगळ्या सेटिंग्ज मासिकाशी ताडून पाहिल्या. कॅफेत जाऊन लोकांना प्रश्न विचारून आली, उत्तरं पाठ करून घरी करून पाहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिच्या कोपराशी बसलोय आणि ती जगभर फिरतेय. पण तिला तरी काय बोलू? ज्या एका गोष्टीला हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं, तिला तिने हात लावला नाही. घर तसंच चालवत आली होती ती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने भाऊजीला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. उंटावरून शेळ्या हाकायला इतकी छान जागा त्याला कधी मिळाली नव्हती.

“मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. फुकटचं ते फुकटचं. लिनक्सवर केबलचं इंटरनेट चालत नाही.”

“मासिकात तर लिहिलंय, चालतं.”

“मग मासिकाला विचार. माझा लॅपटॉप लावला की चालतं, तुझं लावलं की नाही. मग दोष कुणात?”

बघा! किती सरळ हिशेब, आणि किती चूक. थोरला म्हणाला, “अरे, कंपनीला एक फोन तर लाव.” भाऊजीने फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज थकलेला, पण प्रश्न पहिलाच असा विचारला की माझे सगळे दिवे उजळले.

“सर, मोडेम बंद करून पुन्हा चालू केलात का?”

भाऊजीने माझ्याकडे पाहिलं. लाल पाटीकडे पाहिलं. आणि म्हणाला, “हो हो, केला. दोनदा केला.”

खोटं! धडधडीत खोटं! मी कपाटावर बसून ऐकतोय आणि हा माणूस माझ्या तोंडावर सांगतोय की मी दोनदा मेलो. का? तर असले प्रश्न अडाण्यांना विचारायचे असतात, कॉम्प्युटरवाल्याला नव्हे! मला आता कळून चुकलंय, हा प्रश्न विचारला की माणसं हमखास खोटं बोलतात. डॉक्टरने विचारावं, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ आणि मान डोलवावी, तसं.

मुलीने पुढचा प्रश्न विचारला, “कॉम्प्युटरवर काय आहे सर?”

“लिनक्स.”

“सॉरी सर, लिनक्सला आम्ही मदत देत नाही. दुसरी सिस्टिम टाकून बघा.” आणि तक्रार बंद.

भाऊजीने फोन ठेवला तो विजयी वीरासारखा. “ऐकलंस? आता कंपनीच सांगतेय. उद्या सकाळी सीडी आणतो. सगळं पुसून टाकू, माझ्यासारखं करून देतो. अर्ध्या तासाचं काम.”

वहिनी म्हणाली, “त्या सिस्टिमवर हा कॉम्प्युटर चालतच नव्हता, भाऊजी. म्हणून तर काढली. आणि माझा नकाशांचा प्रोग्रॅम?”

“तो विकत घ्यावा लागेल. बघू नंतर.”

“नंतर कधी? उद्याच काम आहे. उद्यापुरता तुमचा लॅपटॉप द्याल? नकाशा त्यावर उतरवून पेनड्राइव्हने इकडे घेते.”

“ऑफिसचा आहे. बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही त्यात. माझी नोकरी घालवतेस का?”

त्याची नोकरी! ती तेवढी नोकरी. तेव्हा लोकांच्या फोनमध्ये इंटरनेट नव्हतं, नाहीतर कुणीतरी काहीतरी जुगाड केला असता. आणि तिच्या सगळ्या धडपडीचं उत्तर म्हणून तो काय देऊ करत होता? इतके महिने घालून तिने जे बसवलं, आपल्या हाताशी जुळवलं, ते पुसून एक मरगळलेलं यंत्र. त्यावर इंटरनेट येईल आणि नकाशा काढता येणार नाही. बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, “तो म्हणतोय तर करू दे. त्याला कळतं त्यातलं.” थोरला म्हणाला, “होईल गं काहीतरी.” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

शनिवार सकाळ. माझ्या खोबणीत वहिनीच्या कॉम्प्युटरची वायर. भाऊजी नाश्ता करून, हात पुसत, वहिनीच्या खुर्चीवर बसला. ती बाजूला उभी. आपल्याच खुर्चीच्या बाजूला! त्याने सीडी घातली. मॅडमचा फोन येऊन गेला होता, “नकाशा पाठवलाय गं.” वहिनी ‘हो’ म्हणाली होती. तो नकाशा माझ्या केबलच्या पलीकडे येऊन थांबला होता, आणि मी गप्प.

पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का?

“पेनड्राइव्हवर घेतलंस ना हवं ते?”

“थांबा, भाऊजी. मला एकदा शेवटचं बघू दे.”

“किती बघणार? आठवडा झाला बघतेयस. नाचता येईना अंगण वाकडं. वहिनी, मान्य कर ना, तुला नाही जमलं. त्यात लाज कसली?”

“तो हाक मारतोय. पलीकडून उत्तर येत नाहीये. दोष या बाजूला नाही, हे मला दिसतंय.”

“तुला दिसतंय!” भाऊजी हसला. “कंपनीला दिसत नाही, मला दिसत नाही, तुला दिसतंय.”

बाबा म्हणाले, “जाऊ दे ना गं. तुला घरात काय कमी आहे?”

मी तिचा चेहरा पाहिला. रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण थोरला रुमाल शोधायला लागला. ती रडली नाही. तिचे कान लाल झाले. सासूबाईंचं दुखणं, भांडी, धुणी, ‘होईल काहीतरी’, अंड्याचे विनोद, सगळं एकदम तिच्या हातात आलं आणि तो हात माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मी भिंतीवर आपटणार. खरं सांगतो, आपटलं असतं तरी मी तिला माफ केलं असतं.

“मला नको ना इंटरनेट? मग कुणालाच नको!”

आणि तिने माझ्या पाठीतली विजेची वायर उपटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मी बंद होतो. नंतर घरात जे बोलणं झालं त्यावरून जुळवून सांगतो. बाबा खुर्चीतून उठले आणि ओरडले, “पाटी लावलीय तिथे!” इतक्या मोठ्याने ते उपकेंद्रातच ओरडत असतील. वहिनी म्हणाली, “स्विचला हात लावला नाही, बाबा. वायर ओढली.” मग तिने कॉम्प्युटरचं बटण दाबून भाऊजीची सीडी बाहेर काढली, त्याच्या हातात दिली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. भाऊजी म्हणाला, “वेड लागलंय हिला.” थोरला काय म्हणाला ते कुणालाच आठवत नाही, म्हणजे काहीच म्हणाला नसेल. बाबा म्हणाले, “आधी ती वायर लाव.” तिने लावली.

मी जागा झालो. डोकं स्वच्छ, पाटी कोरी. कोण लॅपटॉप, कसला लॅपटॉप! सिग्नल धरला, एक-एक दिवा स्थिर झाला. आणि तेवढ्यात समोरून तोच आवाज, तितकाच सभ्य, ‘पत्ता मिळेल का?’

घे! म्हटलं. घे बाबा, घे! जन्मात कधी इतक्या घाईने मी पत्ता दिला नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यातली खूण बदलली. वहिनीने पाहिलं, पण विश्वास बसला नाही. तिने ई-मेलचं टपाल उघडलं. मॅडमचा नकाशा उतरू लागला, वरून खाली, एकेक रेघ. भाऊजी अजून तिच्या खुर्चीवरच होता. ती म्हणाली, “उठा.” त्यात ‘जरा’ नव्हतं, ‘भाऊजी’ नव्हतं.

तो उठला.

मग ती कामाला बसली. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, मान किंचित कललेली. जिन्याची एक पायरी उंच होती, ती सापडली. एक दार भिंतीतल्या खांबावर उघडत होतं, ते फिरवलं. पाण्याचा नळ झोपायच्या खोलीतून नेला होता, तेव्हा ती ‘शहाणेच आहात’ असं पुटपुटली. थोरल्याने न सांगता चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत नकाशा माझ्यातून परत गेला. मी तो असा जपून नेला की एक ठिपकासुद्धा सांडला नाही.

मॅडमचा फोन आला. “नळाची चूक मी मुद्दाम नव्हती घातली गं, ती माझीच होती. सोमवारपासून सुरू कर.”

वहिनी खाली बसली. जमिनीवरच, कपाटाला टेकून. आता मात्र रडली, आणि थोरल्याचा रुमाल अखेर कामी आला.

बाबा माझ्याजवळ आले. चष्मा वर करून पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच सुतळीची गाठ सोडली. “चालू लाइनवर दुरुस्ती करत नाहीत,” ते स्वतःशीच म्हणाले. “आधी बंद करावी लागते. एवढी वर्षं नोकरी केली आणि...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पाटी घेऊन आत गेले.

आणि भाऊजी? भाऊजी जेवताना म्हणाला, “मी सीडी घातली ना, त्यानेच काहीतरी हललं असणार आत.” चोर तो चोर वर शिरजोर! थोरल्याने मान डोलावली. वहिनीने फक्त वरण वाढलं.

पण दुपारी भाऊजीला आपलं टपाल बघायचं होतं. त्याने वहिनीची वायर माझ्यातून काढली आणि लॅपटॉपची लावली. लॅपटॉप मला हाक मारू लागला, ‘पत्ता द्या.’

मी गप्प. कोण तू?

त्याने वायर हलवली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा केला. लॅपटॉप उलटा करून खाली फुंकर मारली. मग घाम पुसत म्हणाला, “हे काय झालं आता? काल रात्री तर चालत होतं!”

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने त्याचा पडदा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. विजेच्या वायरीकडे पाहिलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं, हे मला कपाटावरून दिसलं. नकाशातली चूक सापडली की डोळे बारीक व्हायचे, तसे झाले.

“माझा लावला की चालतंय, भाऊजी,” ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. “तुमचा लावला की नाही. मग दोष कुणात?”

भाऊजीने वायर काढून पुन्हा खोचली.

“सीडी आहे ना हाताशी? आणा तो लॅपटॉप इकडे. पुसून टाकू सगळं. अर्ध्या तासाचं तर काम.”

बाबा वर्तमानपत्रामागे हसले. वर्तमानपत्र हलत होतं.

ती गोष्ट होऊन बरीच वर्षं झाली. वहिनीकडे आता दोन मुली नकाशे शिकायला येतात. माझा एक दिवा गेलाय, अंग तापतं, आणि कंपनीने मला परत मागवलंय. उद्या कुणीतरी मला पिशवीत घालून नेईल. जायचं मला दुःख नाही. राग आहे, तो अजून गेलेला नाही.

कारण तिला चूक ठरवायला या घरात तीन माणसांना एक वाक्य पुरलं. तिचं काम चाललं, मॅडमनी वाखाणलं, बाबांनी पाटी सोडली, सगळं झालं. पण एक वाक्य मी या कपाटावर बसून इतकी वर्षं ऐकायची वाट पाहिली, आणि ते कुणी बोललं नाही. बाबा नाही, थोरला नाही, भाऊजी तर नाहीच. उद्या मी जाणार, मग ते बोलायला या घरात साक्षीदारसुद्धा उरणार नाही. म्हणून जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं.

वहिनी, तू पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस.